ग्रेट एक्स्पेक्टेशन्स: पात्रं आणि भाषा यावर लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं

तुझा प्रश्न असा की एम.ए.ला डिकन्सची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स आहे, ‘पात्रचित्रण आणि भाषा यांचं विश्लेषण करा’ असा प्रश्न येतो, आणि तू लिहिलेलं उत्तर मॅडमनी ‘हे वर्णन झालं, विश्लेषण नाही’ म्हणून परत दिलं. तुझं उत्तर वाचलं. अनाथ नायक पिप महत्त्वाकांक्षी पण कृतघ्न, त्याला वाढवणारा लोहार मेहुणा जो (Joe) साधा आणि प्रेमळ, पिप जिच्या प्रेमात पडतो ती एस्टेला गर्विष्ठ, तिला वाढवणारी, लग्नात फसवली गेलेली मिस हॅविशॅम सूडाने पेटलेली, आणि शेवटी भाषेवर एक वेगळा परिच्छेद, की डिकन्सची भाषा चित्रमय, विनोदी आणि प्रतीकात्मक आहे. यातलं एकही वाक्य चूक नाही. पण पुस्तक न उघडता नुसत्या गाइडवरूनही एवढं लिहिता येतं, आणि मॅडमना तेच खटकलं असणार.

मी हे पुस्तक बरीच वर्षं वर्गात शिकवतेय, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. पात्र आणि भाषा हे दोन वेगळे मुद्दे करूच नकोस. डिकन्सकडे माणूस आधी ठरला आणि त्याची बोली मग वरून चढवली असं होत नाही, तो कसा बोलतो, कोणाला काय हाक मारतो, त्याच्याबद्दल लिहिताना वाक्य कुठल्या घडणीचं येतं, यातूनच तो माणूस उभा राहतो. डिकन्स तरुणपणी आधी कोर्टात आणि मग पार्लमेंटमध्ये शॉर्टहँड रिपोर्टर होता, लोक जसं बोलतात तसं उतरवून घेण्यावर त्याचं पोट होतं, आणि तो कान कादंबऱ्यांमध्ये पानापानावर जाणवतो.

आता पहिली गोष्ट. ‘पिप’ असं लिहितेस तेव्हा कुठला पिप? कारण पुस्तकात दोन आहेत. एक घडणाऱ्या प्रसंगातला, लहानगा, मग तरुण, आणि दुसरा सगळं होऊन गेल्यावर ते सांगायला बसलेला मोठा पिप. अनुभव छोट्याचा असतो आणि वाक्य मोठ्याचं असतं. अगदी पहिलं पान घे. पोरगं दलदलीच्या कडेला कबरस्तानात उभं आहे, आईबाप कधी पाहिलेले नाहीत, त्यामुळे बापाच्या थडग्यावरच्या अक्षरांच्या आकारावरून ते ठरवतं की बाप चौकोनी, धिप्पाड, सावळा आणि कुरळ्या केसांचा असणार, आणि आईच्या नावाची अक्षरं बघून आईच्या तोंडावर वांग होते नि ती सारखी आजारी असायची. हा तर्क लेकराचा, पण ज्या ऐटबाज, वकिली थाटाच्या वाक्यात तो सांगितलाय ते वाक्य मोठ्या माणसाचं. हसू येतं ते या दोघांमधल्या अंतरामुळे, आणि हसता हसताच पोटात तुटतं कारण पोरगं अनाथ आहे. ‘डिकन्सची भाषा विनोदी आहे’ यापेक्षा हे लिहिलंस तर मार्क आहेत.

त्याच पानावर खाली एक लांबलचक वाक्य आहे, ते मोठ्याने वाच. त्या दिवशी त्याला कळलं की ही जागा म्हणजे कबरस्तान, की हे पुरलेले म्हणजे आपले आईबाप आणि भावंडं, की पलीकडचा काळा सपाट माळ म्हणजे दलदल, की ती शिशासारखी रेघ म्हणजे नदी, की जिथून वारा सुटतोय ती रानटी गुहा म्हणजे समुद्र, आणि की हे सगळं बघून घाबरलेलं, रडायला लागलेलं थरथरीचं छोटं गाठोडं म्हणजे पिप. बघ, वाक्यात तो सगळ्यात शेवटी येतो. आधी मेलेली माणसं, मग जमीन, नदी, समुद्र, आणि उरल्यासुरल्या जागेत हा, तोही तृतीयपुरुषी, एखाद्या वस्तूसारखा. या पोराला जगात स्वतःची जागा नाही हे डिकन्सने कुठेही म्हटलेलं नाही, वाक्याच्या रचनेतनं ते होऊन गेलंय.

लगेच पुढे कैदी येतो, मॅग्विच. त्याच्या वर्णनातली वाक्यं अर्धवट आहेत, मुख्य क्रियापदच नाही. एक भयंकर माणूस, करड्या जाड्याभरड्या कपड्यातला, पायात मोठी बेडी. एक माणूस, डोक्यावर हॅट नसलेला, फाटके बूट, डोक्याला चिंधी. भेदरलेल्या पोराला जसं तुकड्यातुकड्यात दिसेल तसं. आणि मग क्रियापदांची रांग लागते, पाण्याने भिजवलेला, चिखलाने माखलेला, दगडांनी लंगडा केलेला, गारगोट्यांनी कापलेला, खाजकुयलीने डसलेला, काट्यांनी फाडलेला. सगळी कर्मणी. म्हणजे ज्या माणसाला घाबरायचं त्याची ओळखच ‘याच्यावर काय काय झालंय’ अशी करून दिली आहे. तो स्वतः काही करायला लागतो, लंगडतो, कुडकुडतो, गुरगुरतो, ते नंतर.

आता थेट बेचाळिसाव्या चॅप्टरवर ये, तिथे मॅग्विच आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो. सुरुवात काय, तर तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर, तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर, तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर, घ्या, एवढंच माझं आयुष्य. आणि पुढे म्हणतो की माझ्यावर सगळं सगळं करून झालंय, फाशी सोडून. कोंडलं मला, गाडीत घालून इकडनं तिकडे नेलं, या गावातून हाकललं, त्या गावातून हाकललं. परत तीच घडण! पहिल्या चॅप्टरमध्ये घाबरलेल्या पोराच्या नजरेने जी क्रियापदं आली तीच कर्मणी घडण चाळीस चॅप्टरनंतर त्या माणसाच्या तोंडात येते. वर्गात हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवले की मुलं एकदम सावरून बसतात, कारण ‘मॅग्विच हा समाजाचा बळी आहे’ हे जे गाइडमध्ये लिहिलेलं असतं ते इथे व्याकरणात दिसतं, बोट ठेवून दाखवता येतं.

त्याच कहाणीत खटल्याचा भाग आहे, तो सोडू नकोस. मॅग्विच आणि कॉम्पेसन एकाच गुन्ह्यात पकडले जातात, खरा सूत्रधार कॉम्पेसन, पण कोर्टात तो चांगल्या कपड्यात, पांढऱ्या रुमालात तोंड खुपसत, मध्येच कवितेच्या ओळी टाकत बोलतो, आणि मॅग्विचला एवढंच बोलता येतं की साहेब, माझ्या शेजारचा हा पक्का बदमाश आहे. शिक्षा काय, तर कॉम्पेसनला ७ वर्षं आणि मॅग्विचला १४. भाषा आणि वर्ग यांचा संबंध यावर कितीही थिअरी लिही, पण हे सात आणि चौदा आधी लिही. बोलता येणं हीच इथे इस्टेट आहे.

आणि म्हणूनच मॅग्विचने गुपचूप पैसे पुरवून पिपला जंटलमन ‘बनवणं’ म्हणजे काय हे नीट बघ. एस्टेला पहिल्या भेटीत पत्ते खेळताना काय म्हणते, हा पोरगा नेव्हला जॅक म्हणतो! आणि हात किती राठ, बूट किती जाड. तोपर्यंत पिपला आपल्या हातांची, बुटांची कधी लाज वाटलेली नसते. पत्त्यातल्या गुलामाचं नाव चुकीच्या वर्गाचं निघालं आणि त्या एका वाक्याने पुढची सगळी कादंबरी सुरू झाली. एस्टेला त्याला नावाने हाकच मारत नाही, नुसतं ‘बॉय’, वय जवळपास तेवढंच असूनसुद्धा.

इथे एक खाचखळगा आहे आणि चांगल्या पेपरात तो यावा असं मला वाटतं. भट्टीवर वाढलेला हा पोरगा स्वतः मात्र पहिल्यापासून जवळजवळ शुद्ध इंग्रजी बोलतो. जो, मॅग्विच, भट्टीवरचा मजूर ऑर्लिक यांच्या स्पेलिंगमध्ये डिकन्सने बोली उतरवली, व्हीच्या जागी डब्ल्यू टाकून ‘व्हिटल्स’चं ‘विटल्स’ केलं, पण पिपच्या संवादांत ती नाही. तो पाटीवर जोला पत्र लिहितो त्यात स्पेलिंगचा बट्ट्याबोळ आहे, पण तोंडातली भाषा साफ. याची दोन उत्तरं देता येतात. एक म्हणजे मध्यमवर्गीय वाचकाला नायकाशी जोडून घ्यायला ते सोपं जातं, व्हिक्टोरियन कादंबरीत ही पद्धतच होती. दुसरं म्हणजे सांगणारा मोठा पिप आहे आणि आठवणीतल्या स्वतःला तो आपल्याच भाषेत बोलायला लावतोय. मला दुसरं जास्त पटतं, कारण मग स्वतःचं मूळ झाकण्याची त्याची सवय सांगण्यातसुद्धा शिल्लक आहे असं म्हणता येतं, पण पहिलं उत्तर लिहिलंस तरी बाजू मांडता येईल.

आता जो. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला भाषेसाठी सगळ्यात श्रीमंत प्रसंग सत्ताविसाव्या चॅप्टरमध्ये आहे, जो लंडनला पिपला भेटायला येतो तो. तुझ्या उत्तरात तो एका ओळीत उरकलाय. तो प्रसंग हळू वाच.

येण्याआधीच पिप सांगतो की मला आनंद झाला नाही, अस्वस्थ वाटलं, अपमान वाटला, आणि पैसे देऊन त्याला येण्यापासून थांबवता आलं असतं तर मी नक्की पैसे दिले असते. हे कोण म्हणतोय? मोठा पिप. तरुण पिपने हे त्या वेळी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. आणि शिक्षा म्हणून तो हे वाक्य एकदम सपाट ठेवतो, कुठलंही कारण पुढे करत नाही, सगळा पाल्हाळ गळून पडतो. सांगणारा पिप जिथे स्वतःवर आरोप ठेवतो तिथे त्याची वाक्यं आखूड होतात, ही खूण एकदा कळली की पुस्तकभर सापडत जाते.

मग जो येतो. दारातच दोन्ही हात धरून पिप, पिप करतो, खूश आहे अगदी. मग खोली बघतो, पिपसोबत राहणाऱ्या त्याच्या मित्राला, हर्बर्टला बघतो, आणि बोलण्यात ‘सर’ घुसतं. हातात हॅट आहे ती कुठे ठेवावी कळत नाही, फायरप्लेसच्या वरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि ती सारखी खाली पडते, हा उठून झेलतो, परत ठेवतो, परत पडते. हर्बर्ट निघून गेल्यावर जो म्हणतो, आता आपण दोघेच आहोत, सर. पिप वैतागून म्हणतो की मला सर काय म्हणतोस! जो क्षणभर त्याच्याकडे बघतो, किंचित नाराजीने, बस. यापुढे एकेक संबोधन पेन्सिलने अधोरेखित कर. सर, पिप, सर, सर, पिप. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, घरातलाच माणूस अचानक ‘तू’वरून ‘तुम्ही’वर गेला की काय होतं ते आपल्याला आतून माहीत असतं. जो घाबरून सर म्हणत नाहीये, समोरच्याने अंतर पाडलंय हे त्याला कळलंय आणि तो ते अंतर सभ्यपणे पाळतोय. मोठा पिप तिथेच लिहितो की मी जरा मोकळा वागलो असतो तर जोही मोकळा वागला असता, हे समजण्याइतकी अक्कल आणि माया मला नव्हती.

आणि निघताना जो जे बोलतो त्यात ‘सर’ नाही. पिप, माझ्या राजा, आयुष्य म्हणजे कितीतरी ताटातुटी एकाला एक वेल्ड केलेल्या, कोणी लोहार असतो, कोणी कथलाचं काम करणारा, कोणी सोनार, कोणी तांबट, माणसामाणसात असे भाग पडायचेच. इतका वेळ अडखळणारा माणूस इथे अडखळत नाही, कारण तो आपल्या भट्टीच्या भाषेत आला. मला भट्टीच्या कपड्यात, हातात हातोडा घेतलेला बघ, म्हणजे मी निम्माही खटकणार नाही, असंही म्हणतो. जोला ‘साधाभोळा’ म्हणून सोडून देणाऱ्यांना मी हा उतारा काढून दाखवते, कारण इथे परिस्थिती सगळ्यात नीट जोलाच कळली आहे. पिपची लहानपणची मैत्रीण बिडी, तिने एकोणिसाव्या चॅप्टरमध्येच सांगून ठेवलेलं असतं की जोलाही स्वाभिमान असू शकतो, ज्या जागेचं काम तो उत्तम करतो तिथून कोणी उचलून नेलेलं त्याला चालणार नाही. पिपने तेव्हा तिलाच मत्सरी ठरवलं होतं.

याचा पाठपुरावा सत्तावन्नाव्या चॅप्टरमध्ये कर. पिप आजारी पडतो, जो येऊन त्याची सेवा करतो, आणि पिप अंथरुणात असेपर्यंत ‘ओल्ड चॅप’ चालू असतं, पिप बरा होत जातो तसं ‘सर’ परत येतं. शेवटी जो न सांगता निघून जातो, मागे चिठ्ठी ठेवतो. जोला लिहिता येत नव्हतं, तो मधल्या काळात बिडीकडून शिकलाय, म्हणजे ती चिठ्ठी लिहिणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, आणि आत काय, तर आता तू बरा झालास, जोशिवाय तुझं नीट चालेल, ता.क. आपण कायमचे जिवलग दोस्त. स्पेलिंगं चुकलेली आहेत. पण पिपच्या पाटीवरच्या पत्रातल्या चुकांना आपण हसलो होतो, इथे हसू येत नाही.

बाकीच्या पात्रांबद्दल थोडक्यात. तू वकील जॅगर्स, त्याचा कारकून वेमिक, जोचा काका पंबलचूक यांना ‘फ्लॅट’, म्हणजे एकाच गुणाची पात्रं, असं लिहून मोकळी झालीस. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली फ्लॅट आणि राउंड हा भेद मांडला तेव्हा त्याने स्वतःच म्हटलंय की डिकन्सची बहुतेक माणसं फ्लॅट आहेत आणि तरी त्यांच्यात माणसाची खोली जाणवते, हे दुसरं अर्धं कोणी लिहीत नाही. शिवाय ही कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत ऑल द इयर राउंड या साप्ताहिकात आठवड्याला एक हप्ता अशी आली, डिकन्सच त्याचा संपादक, आणि आधीची मालिका रटाळ झाल्याने खप घसरला होता म्हणून त्याने ही मैदानात आणली. दर आठवड्याला वाचकाला पात्र ओळखू यायला खूण हवी, म्हणून जॅगर्सचं बोट चावणं आणि सुगंधी साबणाने हात धुणं, वेमिकचं पोस्टाच्या पेटीसारखं तोंड. पण त्या खुणा एकाच जागी थांबत नाहीत. वेमिक वॉलवर्थच्या घरी म्हाताऱ्या बापाशी मायेने वागतो, आणि सकाळी ऑफिसकडे चालत निघाला की वाटेतच हळूहळू कोरडा होत जातो आणि ते तोंड परत आवळून पोस्टाची पेटी होतं. नोकरी माणसाचं काय करते हे दाखवायला डिकन्सला तेवढं तोंड पुरलं.

मिस हॅविशॅमचं तर फक्त क्रियापदांचं रूप बघ. ती आज्ञार्थात बोलते. खेळ, खेळ, खेळ. तिच्यावर प्रेम कर, प्रेम कर, प्रेम कर. थांबलेली घड्याळं, पिवळा पडलेला वेडिंग ड्रेस यावर सगळेच लिहितात, तूही लिहिलंस, ठीक आहे. पण एकोणपन्नासाव्या चॅप्टरमध्ये ही बाई पिपच्या पायाशी बसून ‘हे मी काय केलं’ असं परत परत म्हणते. तीनतीनदा येणारे हुकूम बंद होतात, तीच पुनरुक्ती आता स्वतःकडे वळते. एवढं एक निरीक्षण घड्याळांच्या वर्णनापेक्षा जास्त काम करेल.

लिहिताना एवढं कर. तीन उतारे निवड, त्याहून जास्त नको. मी असते तर पहिलं पान, सत्ताविसावा चॅप्टर, आणि मॅग्विच परत येतो तो एकोणचाळिसावा घेतला असता. एकोणचाळिसाव्यात मॅग्विच ‘डिअर बॉय’ म्हणत राहतो आणि पिप आक्रसत राहतो, त्याला किळस येते, हा एखादं भयानक जनावर असता तरी यापेक्षा जास्त आली नसती म्हणतो. मग चोपन्नाव्यात मॅग्विच पकडला जातो, जखमी, बेड्या घातलेला, आणि पिप म्हणतो की माझी किळस सगळी वितळून गेली. मूळ इंग्रजीत दोन्हीकडे तोच शब्द वापरलाय, आधीचा आरोप त्याच शब्दाने मागे घेतलाय. आणि छप्पन्नाव्यात, मॅग्विच मरायला टेकलेला असताना, पिप त्याला म्हणतो ‘डिअर मॅग्विच’. इतके दिवस ज्याची मुलगी, म्हणजे एस्टेलाच, जिवंत आहे हे त्याच्यापासून लपवलं, त्याला ते सांगतानाचं हे संबोधन आहे. पिपमध्ये झालेला बदल तुला विशेषणात सांगायची गरजच उरत नाही, हाक कशी बदलली ते दाखव.

डिकन्सचं बालपण, बारा वर्षांचा असताना बूटपॉलिशच्या कारखान्यातलं काम, कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेलेला बाप, हे सगळं खरं आहे पण एका वाक्यात ठेव, त्यावर पान घालवलंस तर परत वर्णनच होईल.

जागा उरली तर शेवटाचा प्रश्न घे. डिकन्सने आधी वेगळा शेवट लिहिला होता, कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटनच्या सल्ल्याने बदलला, जुना शेवट पुढे जॉन फॉर्स्टरने (हा वरचा ई. एम. नव्हे) डिकन्सच्या चरित्रात छापला. जुन्यात पिकॅडिलीच्या रस्त्यावर पिप आणि एस्टेलाची ओझरती भेट होते, तिचं दुसरं लग्न झालेलं आहे, आणि शेवटचं वाक्य असं की दुःख भोगून तिला असं मन मिळालं होतं की माझं मन एके काळी काय होतं ते तिला समजावं. छापलेल्या शेवटात मिस हॅविशॅमच्या घराच्या, सॅटिस हाउसच्या, पडक्या बागेत धुकं वर जातं आणि तिच्यापासून ताटातुटीची सावली त्याला दिसत नाही. मला जुना जास्त पटतो, कारण तो भूतकाळात संपतो, ‘एके काळी होतं’ असा, आणि पहिल्या पानापासून बोलत आलेल्या मोठ्या पिपचा आवाज तोच आहे, आशेची वाक्यं तो स्वतःपुरती कधी बांधत नाही. तुला दुसरा पटला तर बिनधास्त तसं लिही, फक्त कारण वाक्यातून दे, कथानकातून नको.